आडनाव किंग, घराणं फ्रेंच: क्युबेकमधले पूर्वज शोधायचे कसे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. नवऱ्याचं आडनाव किंग. सासरे सांगतात आपण मूळचे फ्रेंच. त्यांचे आजोबा १८९० च्या आसपास क्युबेकमधून मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला कापडगिरणीत कामाला आले. आता लेकीला शाळेत फॅमिली ट्री करायचाय, तुम्ही साइटवर साइट पालथी घातलीत, आणि क्युबेकमध्ये त्या वयाचा किंग काही सापडेना.

सापडणार कसा, तिथे तो किंग नव्हताच ना. बहुतेक रुआ होता, लिहायचं आर-ओ-वाय. मी मॉन्ट्रियलला राहते आणि बऱ्याच वर्षांपासून लोकांना क्युबेकची घराणी शोधून द्यायचं काम करते, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: आडनावाच्या मागे धावू नका, लग्नाच्या मागे जा. या लोकांची आडनावं दर दोन पिढ्यांनी रंग बदलतात पण कोणाचं कोणाशी लग्न झालं, दोघांचे आईवडील कोण, हे चर्चच्या वहीत पक्कं लिहिलेलं असतं.

आडनाव बदललं कसं ते आधी बघू. १८४० ते १९३० या काळात साधारण नऊ लाख लोक क्युबेक सोडून अमेरिकेत गेले, कारण घरात दहा-बारा पोरं आणि जमिनीचे तुकडे होऊन होऊन उरलेलंच काही नव्हतं, वर कर्ज. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंडमधल्या लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, फॉल रिव्हर इथे गिरण्यांना माणसं हवीच होती. तिथला जनगणनावाला, गिरणीतला कारकून, सगळे इंग्रजी बोलणारे. मग कोणी आडनावाचं सरळ भाषांतर केलं, रुआचा किंग, लब्लाँचा व्हाइट, ब्वाव्हेरचा ग्रीनवुड, लेव्हेकचा बिशप. कोणी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, त्यात त्राम्ब्लेचा ट्रॉम्बली, गोत्येचा गोकी, आर्शांबोचा शॅम्बो झाला. आणि गंमत म्हणजे एकाच आईच्या दोन मुलांपैकी एक किंग झाला आणि दुसरा रॉयच (म्हणजे रुआच, इंग्रजी उच्चाराने) राहिला असंही भरपूर सापडतं, त्यामुळे नवऱ्याच्या पणजोबांचे भाऊ कुठल्या नावाने गाडलेत तेही बघा.

पण किंग म्हणजे रुआ एवढ्यावर थांबलात तर पुढे आणखी मोठा खड्डा आहे, तो म्हणजे 'दी' नावं. लिहिताना डी-आय-टी, उच्चार नुसता 'दी', अर्थ आपल्या 'उर्फ'सारखा. जुन्या फ्रेंच-कॅनेडियन कागदांत माणूस 'रुआ दी देजार्दँ' असा येतो, म्हणजे रुआ उर्फ देजार्दँ. हे टोपणनाव नव्हे बरं का, हे दुसरं आडनाव आहे आणि पोराबाळांना वारशाने जातं. आपल्याकडे एका भावाने कुलकर्णी लावलं आणि दुसऱ्याने गावावरून 'कर' लावलं की दोन पिढ्यांनी चुलत भाऊ एकमेकांना परके वाटतात, तसाच प्रकार.

ही नावं आली कुठून? बरीचशी फौजेतून. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर रेजिमेंट न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे इथल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, उतरली, साधारण बाराशे सैनिक, त्यातले चारशेच्या आसपास तिथेच राहिले आणि संसाराला लागले. फ्रेंच सैनिकाला फौजेत एक लढाईचं नाव मिळायचं, लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, जोलिकर, लाव्हियोलेत, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा वगैरे वगैरे. काही नावं गावा-प्रांतावरून आली, आंजूचा तो लांजव्हँ, पिकार्दीचा तो पिकार. काही बापाच्या पाळण्यातल्या नावावरून, काही शेतातल्या झाडांवरून. दोनशे वर्षं ही जोडनावं चालली. मग एकोणिसाव्या शतकात हळूहळू लोकांनी एक धरलं एक सोडलं, आणि कोणी कुठलं सोडलं याला काही नियम नाही, हीच खरी डोकेदुखी.

एक खरं उदाहरण देते, तुमच्या रुआशीच जोडलेलं. आंत्वान रुआ दी देजार्दँ, बर्गंडीतल्या ज्वान्यीचा, पिंपं बनवणारा कारागीर, त्याच रेजिमेंटमधून आलेला. १६६८ मध्ये क्युबेकला त्याने मारी माजोरशी लग्न केलं. ही मारी 'राजाच्या मुलीं'पैकी, म्हणजे १६६३ ते १६७३ या काळात चौदाव्या लुईने वसाहतीत बायकांची टंचाई म्हणून स्वखर्चाने ज्या सातशे-आठशे मुली पाठवल्या त्यातली. आंत्वानचा शेवट मात्र वाईट झाला. १६८४ मध्ये लाशीनला एका नवऱ्याने त्याला आपल्या बायकोबरोबर पकडलं आणि तिथेच मारलं. मारणाऱ्याचं नाव ज्युलियँ तालुआ दी व्हांदामों, म्हणजे खुन्यालाही 'दी' नाव होतंच! खटल्यामुळे कागद झाले, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपल्याला हे माहीत. अशी प्रकरणं सापडली की घरचे थोडे नाराज होतात पण मला विचाराल तर कोर्टाच्या कागदाइतकं जिवंत दुसरं काही नाही.

आंत्वानच्या मुलाचे वंशज पुढे सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठाने पसरले. कोणी रुआ राहिले, कोणी देजार्दँ झाले. तुम्ही कॅनडात आला असाल तर देजार्दँ नावाची बँक पाहिली असेल, हिरवा षट्कोन, ती सहकारी पतपेढी १९०० मध्ये लेव्ही गावात आल्फोंस देजार्दँने काढली. त्याच्या वडिलांचं नाव कागदोपत्री फ्रांस्वा रुआ दी देजार्दँ. आईचं क्लारिस मिव्हील दी देशेन. म्हणजे एवढ्या मोठ्या बँकेचं नाव हे मुळात एक 'दी' नाव आहे! आता विचार करा, या घराण्यातला एक भाऊ रुआ म्हणून लोवेलला गेला आणि किंग झाला, दुसरा देजार्दँ म्हणून गेला आणि गार्डनर झाला. आडनावावरून शोधणाऱ्याला किंग आणि गार्डनर हे एका रक्ताचे असतील असं स्वप्नातही येणार नाही.

आणि तुमचे किंग याच घराण्यातले असं मात्र अजिबात धरून चालू नका हं. रुआ नावाचे एकमेकांशी काही संबंध नसलेले बरेच मूळपुरुष फ्रान्समधून आले, रुआ दी ओदी आहे, रुआ दी पोर्तलांस आहे. त्राम्ब्ले असतात तर तुम्ही सुटला असता, कारण जगातले झाडून सगळे क्युबेकी त्राम्ब्ले एकाच जोडप्याचे, पिएर त्राम्ब्ले आणि ओझान आशों, लग्न १६५७. रुआचं तसं नाही.

आता चांगली बातमी. आडनावाने जेवढं रडवलंय तेवढं बायकांच्या नावांनी वाचवलंय. फ्रेंच-कॅनेडियन कागदात बाई जन्मापासून मरणापर्यंत माहेरच्या नावाने लिहितात. लग्न झालं, दहा पोरं झाली, विधवा झाली, पुन्हा लग्न केलं, दफनाच्या नोंदीत तरी 'अमुकची बायको' असं म्हणून तिचं माहेरचं आडनावच. पोरांच्या बाप्तिस्म्यात आई म्हणून तेच, नोटरीकडच्या कागदांवर तेच. १९८१ पासून तर क्युबेकमध्ये कायदाच आहे की लग्नानंतरही बाईने कायदेशीर व्यवहार जन्माच्या नावानेच करायचे, त्यामुळे इथे येणाऱ्या आपल्या मुली नवऱ्याचं नाव लावायला जातात आणि सरकारी ऑफिसातून परत येतात. आपल्या जुन्या वंशावळी आठवून बघा, पुरुषाखाली पुरुष, पुरुषाखाली पुरुष, बाईचा पत्ताच नाही. क्युबेकचं बरोबर उलटं, इथे बाई हाच पक्का खुंटा. नवरा एका कागदात रुआ, दुसऱ्यात देजार्दँ, तिसऱ्यात नुसता 'दी'सकट काहीतरी वाकडंतिकडं, पण त्याच्या शेजारी क्लारिस मिव्हील आहे ना, मग तो तोच. म्हणून शोधताना नेहमी जोडी शोधा, दोघांची नावं एकत्र टाका, आणि नवऱ्याचं आडनाव सरळ रिकामं ठेवून बघा. निम्म्या वेळा तेव्हाच सापडतं.

अमेरिकेत मात्र हा खुंटा निखळतो, कारण तिथल्या जनगणनेत ती मिसेस किंग होऊन बसते. म्हणून सुरुवात लोवेलपासूनच करा, उडी मारून क्युबेकला जाऊ नका. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्याकडे जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आहेत आणि लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईवडिलांची नावं असतात. ती मिळवा. मग त्याच लग्नाची चर्चमधली नोंद मिळवा, हे जास्त महत्त्वाचं. लोवेलमध्ये 'लिटल कॅनडा' म्हणून फ्रेंच वस्तीच होती, चर्च फ्रेंच, पाद्री फ्रेंच बोलणारे, आणि त्यांची वही अगदी क्युबेकच्या पद्धतीची. सरकारी कागदावर जॉन किंग असेल तिथे पाद्रीच्या वहीत झाँ-बातिस्त रुआ सापडतो. वूनसॉकेटला आणि मँचेस्टरला फ्रेंच-कॅनेडियन वंशावळींच्या जुन्या सोसायट्या आहेत, त्यांच्याकडे न्यू इंग्लंडमधल्या अशा पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) लग्नांच्या याद्या छापील मिळतात.

नोंद हातात आली की वाचायची कशी? घाबरू नका, फ्रेंच येत नसलं तरी चालतं, कारण साचा ठरलेला आहे. मार्जिनमध्ये एक अक्षर आणि आकडा, बी म्हणजे बाप्तिस्मा, एम म्हणजे लग्न, एस म्हणजे दफन (डी शोधत बसू नका, मृत्यूची नोंद नसते, दफनाची असते), आणि खाली नावं. मजकूर तारखेने सुरू होतो, तीही अक्षरी. मग तीन रविवार चर्चमध्ये पुकारा झाला, कोणी हरकत घेतली नाही. मग मुलगा, त्याचा धंदा, बहुतेकदा शेतकरी, 'वयात आलेला' का 'अज्ञान', अमुक आणि तमुकचा मुलगा, अमुक पॅरिशचा. मग मुलगी, तिचंही तसंच. शेवटी साक्षीदार, आणि सही येत नाही असं त्यांनी सांगितलं हे वाक्य. एका पानात चार आईबाप आणि दोन गावं! बापाच्या नावाआधी 'फ', एफ-ई-यू, असेल तर तो कैलासवासी, म्हणजे त्याचं दफन या तारखेच्या आधी शोधायचं. मग त्या आईबापांचं लग्न शोधा, त्यात त्यांचे आईबाप. असं एकेक पायरी करत १६०० च्या शतकापर्यंत जाता येतं, मी अतिशयोक्ती करत नाहीये, फ्रेंच-कॅनेडियन माणसाचं हे नशीबच आहे.

फक्त एक जागा सांभाळा. विधुर किंवा विधवेचं दुसरं लग्न असेल तर नोंदीत आईबापांची नावं बरेचदा नसतातच, 'अमक्या बाईचा विधुर' एवढंच असतं. लोक तिथे अडकतात आणि त्याच नावाचा दुसराच कोणीतरी माणूस पकडून आणतात. पहिलं लग्न शोधा, आईबाप तिथे आहेत.

एवढे कागद टिकले कसे याचंही कारण आहे. १६७९ पासून पाद्रीला नोंदवही दोन प्रतींत ठेवावी लागायची, एक चर्चमध्ये, दुसरी दर वर्षी कोर्टात. चर्च जळालं तरी दुसरी प्रत शाबूत. त्याआधीचं थोडं विरळ आहे, १६४० मध्ये क्युबेक शहरातलं चर्च जळालं तेव्हा वह्या गेल्या आणि लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहून काढल्या. ही चर्चची वहीच १९९३ पर्यंत क्युबेकमध्ये सरकारी नोंद म्हणूनही चालायची, १९९४ पासून सगळं सरकारी खात्याकडे गेलं.

कुठे बघायचं? फुकटात सुरुवात करायची तर फॅमिलीसर्चवर क्युबेकच्या कॅथलिक वह्यांचे फोटो आहेत. त्याच वह्या द्रुएँ इन्स्टिट्यूटने १९४० च्या दशकात मायक्रोफिल्म केल्या होत्या, तो द्रुएँ संग्रह पैसे भरून मिळतो, सूची जास्त चांगली आहे. सगळ्यात भरवशाचं म्हणाल तर मॉन्ट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा घराण्यांचा डेटाबेस, १९६६ पासून लोकसंख्याशास्त्रवाले हे काम करताहेत, सुरुवातीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची कॅथलिक घराणी जोडून ठेवलीत, रुआ दी देजार्दँ कुठल्याही नावाने आला तरी एकाच कुटुंबाच्या पानावर. थोडे पैसे पडतात पण पैसे टाकायचेच तर तिथे टाका. पाद्री तांग्वेचा सात खंडांचा वंशकोश, १८७१ ते १८९०, फुकट वाचता येतो, 'दी' नावांची चाचपणी करायला छान आहे पण चुका आहेत, त्यावर शेवटचा शिक्का मारू नका. आणि इतरांनी चढवलेली रेडिमेड झाडं? त्यांच्याकडे इशारा म्हणून बघा. मूळ पानाचा फोटो नसेल तर माझ्या लेखी ते झाड नाही.

पाळण्यातल्या नावांचा घोळ वेगळाच. एकोणिसाव्या शतकात मुलगा झाला की झोझेफ, मुलगी झाली की मारी हे आधी लागायचंच, मग गॉडफादर-गॉडमदरचं नाव, आणि शेवटी घरात हाक मारायचं नाव. त्यामुळे एका घरात पाच झोझेफ दिसले तर बावरू नका, शेवटचं नाव बघा. झाँ-बातिस्त हे मात्र एकच नाव, त्याचे दोन तुकडे करू नका, अमेरिकेत तो जॉन बी. होतो. पोर दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायची पद्धतही होती, म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच दफनही तपासा, नाहीतर दोन वर्षांच्या वारलेल्या बाळाला तुम्ही खापरपणजोबा करून बसाल.

लग्नाच्या नोंदीत कधी 'तिसऱ्या पायरीच्या नात्याची सूट' असं काहीतरी दिसेल. नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी लागायची, दुसरी पायरी म्हणजे सख्खे चुलत-मावस भावंडं, तिसरी म्हणजे दोघांचा पणजोबा एक. ही ओळ फार कामाची, कारण झाड चुकलं असेल तर इथे कळतं, तुमच्या झाडात तो समान पणजोबा निघालाच पाहिजे. आणि अशी लग्नं खूप आहेत. १६६६ मध्ये वसाहतीचा कारभारी तालों याने जनगणना केली तेव्हा वसाहतीत फ्रेंच माणसं भरली ३,२१५. इंग्रजांनी १७६० मध्ये मुलूख घेतला तेव्हा साधारण सत्तर हजार, आणि तेही बहुतेक पाळण्यातून वाढलेले, जहाजातून नव्हे. त्यामुळे डीएनए टेस्ट केलीत तर हजारो 'चौथे चुलत' भाऊ-बहीण दिसतील आणि प्रत्यक्षात ते त्याहून लांबचे असतील, फक्त पाच-सहा बाजूंनी एकदम. कागदाला जोड म्हणून डीएनए ठीक, नुसत्या डीएनएवर क्युबेकचं झाड उभं राहत नाही.

घरात कोणी 'आपण राजघराण्यातले' किंवा 'आपली पणजी रेड इंडियन राजकन्या' म्हणत असेल तर हसून सोडा. राजघराण्याचं तसं अगदीच खोटं नसतं, कारण कातरीन द बायों म्हणून एक खानदानी 'राजाची मुलगी' होती, जिचा धागा संशोधकांनी मध्ययुगातल्या सम्राट शार्लमेनपर्यंत नेलाय, तिने १६६९ मध्ये जाक मिव्हील दी देशेनशी लग्न केलं आणि आज क्युबेकमध्ये तिचे वंशज पोत्याने आहेत. आडनावावरून कुलचिन्हाचं सर्टिफिकेट विकणारे भेटतील, त्यांना एक डॉलरही देऊ नका.

सासऱ्यांच्या बोलण्यात नोव्हा स्कोशिया किंवा 'अकादी' आलं तर मात्र मला आधी सांगा, कारण तो रस्ता निराळा. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या फ्रेंचांना हाकलून देशोधडीला लावलं, बऱ्याच वह्या त्यात गेल्या, तिथे जनगणना आणि निर्वासितांच्या याद्यांवरून जोडावं लागतं.

फ्रान्सपर्यंत पोचलात तर 'फिशिए ओरिजीन' नावाची फुकट यादी बघा, कुठल्या मूळपुरुषाची फ्रान्समधली नोंद सापडलीय ते त्यात आहे, आणि पुढे त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या साइटवर मूळ पानही बघायला मिळतं. पण ते नंतरचं. लेकीच्या प्रोजेक्टला पाच पिढ्या पुष्कळ झाल्या, त्यात प्रत्येक बाईचं माहेरचं नाव लिहायला सांगा, आणि आडनाव जिथे बदललं तिथे दोन्ही लिहा, 'किंग, मूळ रुआ' असं. आत्ता तुम्ही एवढंच करा, त्या लोवेलला आलेल्या आजोबांच्या लग्नाची चर्चमधली नोंद मागवा, आणि त्यांच्या आईचं नाव काय निघालं ते कळवा. ते मिळालं की क्युबेकमधली जोडी शोधायला मला फार वेळ लागणार नाही.